पहिल्या पंगतीत जेवलेला माणूस

माझे सासरे एका मंगळवारी दुपारी गेले. सासूबाई घरात होत्या. मी चंद्रपूरला कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. फोन आला, मी ग्रंथालयाला कुलूप लावलं आणि बसस्टँडवर गेलो.

हॉटेलात जेवल्यावर वाढणाऱ्याला टीप द्यावी की नाही, हा प्रश्न जगाने माझ्या सासऱ्यांकडे सोपवला असता, तर वर्षभरात जगात एकही हॉटेल उरलं नसतं, किंवा मग प्रत्येक गिऱ्हाइकाला हॉटेलातच नोकरी लागली असती. आमच्याकडे जावई सासऱ्याला मामाजी म्हणतो. मामाजींचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलच्या पुढे, तलावाच्या काठावर. घरची धानाची शेती. त्या गावात लग्न असलं की वाढायला माणसं भाड्याने आणत नाहीत. पहिल्या पंगतीत जो जेवतो तो हात धुतो, दुपट्टा कमरेला बांधतो आणि दुसऱ्या पंगतीला वाढतो. दुसरी तिसरीला वाढते. शेवटच्या पंगतीला कोण वाढतं, तर ज्यांना जेवून झोप लागली नाही ते. हा नियम गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होता. तो हॉटेलालाही लागू आहे, असं मानणारे मात्र एकटे मामाजी होते. त्यांच्या मते टीप देणं म्हणजे पहिल्या पंगतीत जेवून मागच्या वाटेने पळून जाणं. "पैसा ठेवला अन् उठला. मंग मागच्याले कोण वाढन?" असं ते मला विचारायचे, आणि मी एवढी पुस्तकं वाचलेली असूनही नुसती मान डोलवायचो.

गावातल्या कुणाचंही तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी काम निघालं, दवाखाना म्हणा, तहसील म्हणा, पोरीसाठी स्थळ बघणं म्हणा, की सोबतीला मामाजी जायचे. त्यामुळे मूल, गडचिरोली आणि चंद्रपूर या तिन्ही गावांतली भोजनालयं त्यांना ओळखत होती. काही प्रेमाने, काही धास्तीने. जेवण झालं की ते शांतपणे हात धुवायचे, दुपट्टा कमरेला बांधायचे आणि वरणाची बादली उचलायचे. वाढायचे तेही लग्नातल्यासारखं, म्हणजे समोरच्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून. गडचिरोलीच्या स्टँडजवळ एका भोजनालयात त्यांनी बसच्या कंडक्टरला इतक्या आग्रहाने भात वाढला की ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला आणि शेवटी स्वतःच आत येऊन जेवायला बसला. त्यालाही मामाजींनीच वाढलं. बाहेर बसमध्ये चाळीसेक माणसं खोळंबली होती. मामाजी दारात जाऊन त्यांनाही या म्हणाले.

त्या भोजनालयात पोटभर जेवणाचा एकच दर होता. मालकाच्या लक्षात आलं की मामाजी येतात त्या दिवशी लोक पोटाच्या पलीकडे जेवतात. त्याने हात जोडले आणि म्हणाला, काकाजी, तुमचं जेवण माझ्याकडून कायमचं फुकट, पण बादलीला हात लावू नका. मामाजींना हे फार लागलं. पैसे देऊन जेवलं तरी एक पंगत वाढावी लागते, मग फुकट जेवल्यावर किती वाढावं लागेल, असा हिशेब करून त्या दिवशी ते दिवेलागणीपर्यंत तिथे वाढत राहिले.

बुफे हा प्रकार तर त्यांना शेवटपर्यंत उलगडला नाही. नागभीडला एका लग्नात लोक हातात ताट घेऊन रांगेत उभे असलेले पाहिले आणि त्यांची खात्री पटली की यजमानाचं भावकीशी भांडण झालं आहे आणि ऐन लग्नात वाढायला कुणी उरलेलं नाही. ते यजमानाला बाजूला घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, की भांडणं होत असतात, तुम्ही मन लहान करू नका, मी आहे. नंतर त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना जमिनीवर बसवलं. सूटबूट घातलेले दोन इंजिनिअरही बसले. मी मदतीला उठलो तर त्यांनी मला दंडाला धरून खाली दाबलं. "जवाईबापू, तुमी बसा. जवायानं वाढलं तं लोक आमाले काय म्हणतीन." जग उलटं झालं तरी जावयाने पानावरच बसायचं असतं, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

आमच्या मुलीचा बारावीचा निकाल लागला तेव्हा आम्ही त्यांना चंद्रपूरच्या एका नव्या एसी हॉटेलात नेलं. बायकोने रिक्षातच बजावलं होतं, "बाबा, इथी उठायचं नाई." तिथे शंकर नावाचा वेटर होता. चाळिशीचा, जिवतीकडचा, काळी पँट आणि गळ्याशी बो. मामाजींनी आधी त्याचं गाव विचारलं, मग पाऊसपाणी, मग कापूस, आणि मग काय जेवायचं ते त्यालाच ठरवायला सांगितलं. जेवण झालं. मामाजी उठले. बायकोने डोळे मिटून घेतले. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब वाढदिवसाला आलं होतं. मामाजींनी त्यांच्या पनीरच्या भांड्याकडे पाहिलं, हे काही खरं नाही म्हणाले, आतून वरण मागवलं आणि स्वतः वाढलं. ते कुटुंब हरखून गेलं. हॉटेलने असा एक गावाकडचा माणूस मुद्दाम ठेवला आहे, असं त्यांना वाटलं असावं. जाताना त्यांनी मामाजींच्या हातात नोट ठेवली.

मामाजी नोट घेऊन त्यांच्या मागे गाडीपर्यंत धावले. त्यांनी काच खाली केली, मामाजींच्या हातातली नोट पाहिली, धाप लागलेली पाहिली, आणि कमी पडले वाटतं असं म्हणून आणखी एक नोट दिली. मामाजी परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोन नोटा होत्या आणि तोंडावर अशी कळा होती की जणू कुणीतरी त्यांना भर बाजारात मारलं आहे. त्यांनी त्या दोन्ही नोटा गल्ल्यावरच्या देवाच्या फोटोसमोर ठेवल्या आणि नमस्कार केला. शंकर जवळच उभा होता. तो त्या नोटांकडे बघत राहिला.

त्यानंतर मामाजी आमच्याकडे आले की त्याच हॉटेलात जायचं असा परिपाठ पडला. लोक "ते धोतरवाले काका" आज आहेत का, असं विचारू लागले. मॅनेजरने हाकलून द्यावं ही माझी आशा फोल ठरली. फुकटचा माणूस आणि वरचेवर खपणारं वरण, तो कशाला हाकलतो? उलट त्याने मामाजींना टोपी देऊ केली. गिऱ्हाइकं जी काही नोट ठेवत ती मामाजींच्याच हातात ठेवत, आणि मामाजी ती देवासमोर ठेवत. देव श्रीमंत होत चालला होता.

एका दुपारी गर्दी ओसरल्यावर शंकर आमच्या टेबलाशी आला. त्याने आधी टेबल पुसलं, पुसून झालेलं पुन्हा पुसलं.

"काकाजी, एक बोलू काय? राग नका मानू."

"बोल ना गा."

"माही पोरगी गडचिरोलीले नर्सिंगले आहे. इथचा पगार घरात जाते. तिचं खोलीभाडं अन् मेस मी टिपेवर काढतो. तुमी वाढून राह्यले तवापासून टेबलावर काईच राहत नाई. तुमी पुण्य करून राह्यले काकाजी, अन् माह्या पोरीले मेसवाली रोज पैशाचं इचारून राह्यली."

 आपले बैल रात्रभर दुसऱ्याच्या बांधीत धान खात होते, हे सकाळी कळलेल्या माणसासारखे मामाजी बसले होते. मग म्हणाले, "मले काऊन नाई सांगतलं आधी?" शंकर म्हणाला, "तुमी इतक्या खुशीत राहत होते."

त्या दिवसापासून मामाजींनी बादली सोडली आणि टीप द्यायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. आमच्या घरी तालीम झाली. माझी बायको वेटर झाली, मी गिऱ्हाईक होऊन दाखवलं, आणि मामाजी नोट हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जेवण वाढणाऱ्या हातावर पैसा ठेवायचा म्हटलं की घास वर येतो, असं ते म्हणाले. प्रत्यक्ष हॉटेलात त्यांनी पहिल्या खेपेला नोट ताटाखाली इतक्या चोरून सरकवली की ती ताटासोबत मोरीत गेली आणि भांडी घासणाऱ्या बाईने ती डाळीच्या सालासारखी खरवडून काढली. दुसऱ्या खेपेला त्यांनी धीर केला. शंकरचा हात धरला, त्यात नोट ठेवली, मान खाली घातली आणि डोळ्यांना दुपट्टा लावला. शंकरने घाबरून विचारलं, "काकाजी, कोण गेलं?"

मग त्यांनी तिसराच मार्ग काढला. ते आमच्यासोबत यायचे, खुर्चीवर बसायचे आणि फक्त पाणी प्यायचे. जो जेवला नाही त्याला वाढावं लागत नाही आणि पैसेही ठेवावे लागत नाहीत. आम्ही जेवत असताना ते समोर हात मांडीवर ठेवून बसायचे. शंकर ग्लास भरायचा आणि त्यांच्याकडे न बघता निघून जायचा. आता टेबलावर नोटा पुन्हा राहू लागल्या होत्या, पण तो पहिल्यापेक्षा उदास दिसायचा. एकदा जाताना त्याने मलाच धरलं. "सर, त्यायले सांगा, माह्या हातचं पुन्हा जेवा. नाई तं मी बोललो ते चुकलं असंच मी समजतो."

मी निरोप पोचवला. मामाजी म्हणाले, त्याला आपल्या घरी जेवायला बोलवा.

शंकर सुटीच्या दिवशी बायको आणि मुलीला घेऊन मामाजींच्या गावी आला. गळ्याला बो नसल्यामुळे मला तो आधी ओळखूच आला नाही. सासूबाईंनी वडे केले होते, तलावातले मासे केले होते, नव्या धानाचा भात होता. पडवीत पान मांडलं आणि कित्येक महिने कोंडून ठेवलेला माणूस सुटावा तसे मामाजी सुटले. शंकरच्या मुलीला त्यांनी इतकं वाढलं की नर्सिंगचं शिक्षण घेत असलेली ती मुलगी स्वतःचीच नाडी बघू लागली. शंकर मात्र नाही म्हणत नव्हता. वाढलेलं सगळं खात होता.

जेवण झालं. शंकर हात धुऊन आला, खिशातून एक नोट काढली आणि आपल्या पानाच्या बाजूला ठेवली. पाण्याचा तांब्या तिच्यावर ठेवला, उडू नये म्हणून.

सासूबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. शंकरच्या बायकोने पदर तोंडाला लावला. मामाजींचा चेहरा लाल झाला होता.

"हे काय होय?"

"टीप होय, काकाजी. चांगलं वाढलं तुमी."

"माह्या घरी जेवून मले पैसे देतं तू?"

"मी रोज घेतो," शंकर म्हणाला. "मले कमीपणा नाई वाटत. माह्यासाठी तुमालेच कमीपणा वाटते, म्हणून तुमच्यानं देणं होत नाई. एक डाव घेऊन तं पाहा."

 मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकवाला माणूस, मी पानाकडे पाहिलं. शेवटी ते वाकले, तांब्या उचलला, नोट घेतली आणि बंडीच्या खिशात ठेवली. मग खिशावर हात दाबून थोडा वेळ उभे राहिले, आत काही दुखतं का ते बघितल्यासारखे.

"काईच नाई झालं जी," ते सासूबाईंना म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखर नवल होतं.

"काय होणार होतं?" सासूबाई म्हणाल्या. "सरका, मले मागची पंगत वाढू द्या."

पुढच्या वेळी चंद्रपूरला आले तेव्हा मामाजी पोटभर जेवले, शंकरला हाक मारली आणि सगळ्या हॉटेलासमोर त्याच्या हातावर नोट ठेवली. ठेवताना मोठ्याने म्हणाले, "घे गा, मी बी घेतली आहे." आजूबाजूच्या टेबलांवरच्या लोकांना याचा अर्थ काय लागला असेल कुणास ठाऊक, पण त्यातल्या दोघांनी आपापली पाकिटं उघडली. बायकोने त्या दिवशी पहिल्यांदा हॉटेलात डोळे उघडे ठेवून हात पुसले.

हे दोन वर्षं चाललं. नंतर त्यांचं हृदय थकलं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. गावी भेटायला गेलो की ते खाटेवरून विचारायचे, शंकरची पोरगी कुठे लागली? गडचिरोलीच्या दवाखान्यातच लागली, असं मी सांगायचो. दर वेळी तेच विचारायचे आणि दर वेळी त्यांना तेवढाच आनंद व्हायचा.

आता महिन्यातून एकदा मी आणि बायको त्या हॉटेलात जातो. शंकर वाढतो, आम्ही जेवतो. उठताना मी टेबलावर नोट ठेवतो. तो ती उचलतो आणि खिशात ठेवतो.