तारेची दोन टोके

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी फौजदार होतो. किन्हीराजाकडच्या एका शेतातून विहिरीच्या पंपाची तांब्याची तार चोरीला गेली. आम्ही पंचनाम्याला गेलो. वीज बंद करायला गावचा वायरमन आला होता. खांबाला लोंबणाऱ्या उरलेल्या तारेचा वीतभर तुकडा नमुना म्हणून घ्यायचा होता, पण आमच्याकडे पक्कड नव्हती. वायरमनकडे बोट दाखवून मी हवालदाराला म्हणालो, "त्याचीच घे." तुकडा कापला, पाकिटाला लाखेचे सील लागले.

दोन दिवसांनी जवळच्या मालेगावचा एक सायकल दुकानदार स्वतःहून ठाण्यात आला. "साहेब, करंटची तार कापाले हिंमत लागते. गावात कोणाले जमते ते तुमीच समजा."

मला पटले. वायरमनला बोलावले. बौद्ध शेतमजुराच्या घरातला पहिला पगारदार, दोन महिन्यांत नोकरीत कायम होणार होता. चोरीचा गुन्हा लागला की सगळे संपले. मी बराच तापलो, पण तो दबला नाही.

"वरडून काय होते साहेब? माही पक्कड न्या, तपासा. पण लवकर करा, माह्या नोकरीचा कागद येऊन राह्यला."

पक्कड जप्त केली आणि मुद्देमाल घेऊन स्वतः प्रयोगशाळेत गेलो. नंबर लागायला कित्येक महिने जातील, असे उत्तर मिळाले. मी शिपायापासून वर आलेला माणूस. मागितल्याशिवाय मला कधी काही मिळालेले नाही. आत न्यायसहायक विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक चालले होते. शिशाचा पत्रा पकडीने कापायचा आणि पात्याने उमटलेल्या रेघा सूक्ष्मदर्शकाखाली जुळवायच्या. मी त्यांच्या सरांना गाठले.

"खोट्या नमुन्यांवर किती दिवस शिकवणार? खरी केस देतो. तपासणी तुमची, सही तुमची. मुलं फक्त बघतील."

"तुम्ही बाजारात बसायला हवं होतं," सर हसून म्हणाले आणि त्यांनी सील तपासून पाकीट उघडले.

तासाभराने ते म्हणाले, "जुळतंय." रेघेला रेघ. मी टोपी नीट केली आणि निघायच्या तयारीत उभा राहिलो.

तेवढ्यात एका विद्यार्थिनीने सरांना तुकडा उलटा लावायला सांगितले. "दुसरं टोक नाही जुळत. साहेब, यातलं चोरानं कापलेलं कुठलं?"

"म्हणजे?"

"एक टोक चोराचं, एक तुमचं. तुम्ही कशानं कापलं होतं?"

वायरमनच्याच पकडीने. जुळले होते ते आमचेच टोक. चोराच्या टोकावर एक जाड उंचवटा होता. म्हणजे त्याच्या पकडीच्या पात्याचा टवका उडालेला होता.

परतीच्या बसमध्ये एकच विचार डोक्यात होता. न बोलावता आलेला खबऱ्या आधी तपासायचा असतो, हे मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन त्या सायकलवाल्याच्या दुकानात गेलो.

"ठाण्याला पक्कड पाहिजे."

त्याने नवी दाखवली. मी भाव पाडत राहिलो. शेवटी म्हणालो, "तुझी वापरलेली दे, स्वस्तात."

"चमडी काढता राजेहो तुमी!" म्हणत त्याने हातातली पुढे केली. पात्याचा टवका उडालेला. पंचांसमोर ती जप्त केली. चौकशीत पहिल्याच प्रश्नाला त्याने पाणी मागितले. तार जुन्या टायरांच्या ढिगाखाली निघाली, आणि पुढे त्या पकडीचा प्रयोगशाळेतला अहवालही जुळला.

वायरमन कायम झाला. पक्कड परत घेताना म्हणाला, "साहेब, ठाण्याले एक घेऊन टाका आता. दर खेपेले माहीच मागता का?"

मी घेतली. आणि तेव्हापासून आम्ही कापलेल्या टोकाला लाल दोरा बांधायचा नियम केला. गुन्ह्याच्या जागी चोराच्या खुणा शोधण्याआधी आपल्या स्वतःच्या वेगळ्या काढाव्या, हे मला एका विद्यार्थिनीने शिकवले.

त्या प्रयोगशाळेत पुढे प्रत्येक तुकडीला ही तार शिकवत असत. कुण्या फौजदाराने संशयिताच्याच पकडीने पुरावा कापला, म्हणून मुले हसत. तार तिथवर कोणी नेली, चोर कोणी धरला, हे मात्र कोणी सांगत नसे. ते मला अजून खुपते. पण हसणाऱ्यांपैकी एकानेही पुढे ती चूक केली नसेल, तर हा सौदा मला मंजूर आहे.