पोवळ्यातली खोट

माझ्या गळ्यातल्या पोवळ्यांच्या माळेवर बोट ठेवून नातीने परवा विचारलं, "आजी, यातला एक मणी फुटका का गं?"

मी म्हटलं, "फुटका नाही, फोडलेला आहे. आणि फोडणारी बाई तुझ्यासमोर बसलीय."

तिला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. तिची चूक नाही, दिवसभर माझा तोच उद्योग असतो. पण हे थट्टेतलं नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही आचोळ्याला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. यजमान नोकरीसाठी मुंबईला जायचे, मुलगा कॉलेजात, आणि मी घरात. चाळिशी उलटली होती, पण डोक्यात हवा सोळाव्या वर्षाची. त्यातच तुळिंजच्या बाजारात एका साडीच्या दुकानाच्या माडीवर मण्यांचे दागिने करायला शिकवणारा वर्ग निघाला. दोन महिन्यांचा. मी पहिल्याच दिवशी पहिल्या रांगेत.

त्या दोन महिन्यांत मी काय काय शिकले म्हणून सांगू! तारेची सुई धरायला शिकले, मोत्यामागे गाठ मारायला शिकले, आणि मुख्य म्हणजे जांभळ्या खड्याला जांभळा खडा न म्हणायला शिकले. 'ॲमेथिस्ट' म्हणायचं. घरी येऊन यजमानांना म्हणायची, "तुम्हाला नाही कळणार, हे सेमी-प्रेशस असतं." ते बिचारे म्हणायचे, "बरं, पण आमटी उतू जातेय." शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. ते मी लॅमिनेट करून हॉलमध्ये, कुलदैवताच्या तसबिरीशेजारी लावलं. देवाच्या जरा वरच लागलं होतं. खिळा तिथेच होता, असं मी सगळ्यांना सांगायची.

वर्गात बाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. "ओवायच्या आधी मणी निवडायचे. तांदूळ निवडता ना, तसे. टवका उडालेला, तडा गेलेला, भोक वाकडं असलेला, म्हणजे खोट असलेला मणी बाजूला. मग सर्वांत मोठा मधोमध आणि दोन्ही अंगांनी उतरत्या मापाने लहान लहान. एक खोट ठेवलीत की अख्खी माळ गेली." मी हे वहीत लाल शाईने लिहून खाली रेघ मारली होती.

त्याच सुमाराला सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्या मूळच्या नंदाखालच्या. नारळ-केळीची वाडी, घराला लागून विहीर, थोरले दीर तिथेच वाडी बघायचे. सासूबाईंचा तिथून पाय निघत नसे. पण दोन्ही डोळ्यांत काचबिंदू झाला, दिवसातून तीनदा थेंब घालायचे, डॉक्टरकडे न्यायचं, म्हणून यजमान त्यांना घेऊन आले. दिसायचं जवळजवळ बंद झालं होतं. खिडकीचा उजेड तेवढा कळायचा.

"काचबिंदू म्हणजे काय गो?" त्या मला म्हणाल्या. "डोळ्यात काचेचा मणी पडला का? मग काढ ना तुझ्या सुईने. शिकलीस ना आता?"

अशा होत्या त्या. आणि मी? मी त्यांची भाषा सुधारत होते. शेजारच्या बायका आल्या की यांचं 'नाय' आणि 'हाय' ऐकून मला कानकोंडं व्हायचं. "आई, 'नाय' नाही म्हणायचं, 'नाही' म्हणायचं." त्या म्हणायच्या, "नाय म्हणणार." मी चिडायची. त्या हसायच्या. आज वाटतं, या बाईला, म्हणजे मला, कुणीतरी एक चापट द्यायला हवी होती.

सासूबाईंच्या गळ्यात ही माळ असायची. एक्केचाळीस पोवळी, त्यांच्या आईने लग्नात घातलेली. सुती दोऱ्यात ओवलेली, दोरा तेलाने आणि घामाने काळा झालेला. लहानमोठे मणी कसेही एकाशेजारी एक. दुपारी गॅलरीत बसून त्या ती बोटांनी चाचपत राहायच्या. मला वाटायचं, जप करतायत.

एकदा न्हाऊन येताना दोरा तुटला. मणी काही बाथरूमच्या उंबऱ्यापाशी, काही मोरीच्या जाळीवर. मी एकूण एक वेचले. एक्केचाळीस भरले तेव्हा सासूबाईंनी सुस्कारा सोडला. म्हणाल्या, "दे ओवून. होती तशी."

होती तशी! प्रमाणपत्र भिंतीवर लागलेल्या बाईला 'होती तशी' म्हणतात होय?

मी पाटावर पांढरा पंचा पसरला, मणी निवडले, मापाने लावले. तीन मणी बाजूला काढले. दोन तडा गेलेले होते आणि एकाचा चांगला टवका उडालेला. त्यांच्या जागी तुळिंजहून आणलेले तीन लाल मणी घातले, अगदी पोवळ्यासारखे. नवा नायलॉनचा दोरा, मागे रेशमी गोंडा. दुकानातल्या काचेच्या पेटीत शोभावी अशी माळ झाली. काढलेले तीन मणी मी खालच्या मजल्यावरच्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला दिले. "घे, तुझ्या बाहुलीला."

सासूबाईंच्या गळ्यात मी माळ घातली आणि कौतुक ऐकायला समोर बसले. त्यांनी एका टोकापासून बोटं फिरवायला सुरुवात केली. दुसऱ्या टोकाला पोचल्या. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा फिरवताना बोटं घाईघाईने चालायला लागली, अंधारात काडेपेटी शोधावी तशी.

"एक कमी हाय?"

"नाही आई, मोजून एक्केचाळीस आहेत. तीन मण्यांत खोट होती, ते काढून चांगले घातले."

त्यांनी ते तिन्ही बरोब्बर चिमटीत पकडले. "हे काचेचे. घसरतात." मग म्हणाल्या, "खोट होती म्हणून काढलेस नि खोटे घातलेस? डोळ्यात काच झाली, आता गळ्यात कशाला गो?"

माळ काढून त्यांनी उशीखाली ठेवली.

त्यानंतर त्यांनी ती घातली नाही. जेवण अर्ध्यावर आलं. गॅलरीत बसायच्या, पण हात मांडीवर नुसते उताणे पडलेले. मी मनातून धुमसत होते. पाच दिवसांनी डोळ्यांत थेंब घालता घालता बोललेच, "आई, इतकी मेहनत घेतली मी, आणि तुम्ही ती गळ्यात घालायलाही तयार नाही. माझ्या कामाची काही किंमतच नाही या घरात."

डोळ्यांतलं औषध गालावर आलं. ते औषधच होतं, असं मी कितीतरी दिवस स्वतःला समजावत होते.

मग त्या बोलल्या. यजमानांच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. मला लग्नाला वीस वर्षं होऊन हे ठाऊक नव्हतं. त्या घरात तो विषयच काढत नसत. मुलगी तीन वर्षांची होती. एके सकाळी सासूबाईंनी विहिरीवर न्हायला बसताना माळ काढून काठावर ठेवली. वाडीच्या कडेला बदामाचं झाड होतं. लाल झालेले बदाम खाली पडत आणि पोरं ते दगडाने ठेचून आतली बी खात. या पोरीला वाटलं, हेही बदामच. तिने दगड घेतला आणि एका मण्यावर हाणला.

"मला दाखवायला आली. म्हणाली, आये, बी नाय यात." सासूबाईंनी पदराने गाल पुसला. "मी मारली गो तिला. गालावर. आईने दिलेला मणी फोडला म्हणून. त्याच पावसात तिला ताप आला, नि गेली. फोटो नाय काय नाय. तिच्या हातचं तेवढं होतं, त्या मण्यातलं. माझं नख बसायचं त्यात."

म्हणजे तो जप नव्हता.

मी उठले. ओला हात पदराला पुसत खालच्या मजल्यावर गेले. त्या मुलीने बाहुली आणून दाखवली. बाहुलीच्या गळ्यात दोनच मणी होते, तडा गेलेले.

"तिसरा कुठे गं?"

"तो ना काकू, गॅलरीतून पडला. तो नीट बसतच नव्हता, सारखा बोचायचा."

गॅलरीखाली तेव्हा पाणथळ जागा होती, भराव टाकून अर्धी बुजवलेली. खडी, विटांचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, चिखल. मी घरातून गव्हाची चाळण घेऊन गेले. तीन दिवस, यजमान कामावर गेले की साडी खोचून मी तिथे उकिडवी. विटेचा एकेक लाल तुकडा हातात घेऊन धुवायची. वरून बायका विचारायच्या, "वहिनी, सोनं लागलं का?" दुसरी म्हणायची, "अहो, त्यांचा क्लास झालाय, त्या हिरे काढतायत!" एरवी मी दोघींना पुरून उरले असते. तेव्हा मान वर केली नाही.

मणी सापडला नाही.

चौथ्या दिवशी मी काय केलं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाई झोपल्या असताना उशीखालून माळ काढली, काचेचे मणी फेकून दिले, बाहुलीचे दोन परत आणले होते ते घेतले. मग खऱ्या पोवळ्यांतला एक, मधोमध मिरवत असलेला सर्वांत मोठा आणि निर्दोष मणी उचलला, आणि वर्गातल्या बारीक कानशीने त्याला खोट पाडायला बसले. पोवळं मऊ असतं, लगेच भुगा पडतो. पण केवढी खोट? कुठल्या बाजूला? ती मी कधी नीट पाहिलीच नव्हती. खोट आहे एवढंच पाहिलं आणि मणी बाजूला टाकला. 'माझं नख बसायचं' एवढ्या एका खुणेवर मी घासत होते आणि सारखं माझंच नख लावून बघत होते. पांढरा पंचा गुलाबी झाला.

ओवली. या वेळी मापाने नाही, हाताला येईल तो मणी. खोट पाडलेला मणी तेवढा उजव्या अंगठ्याखाली येईल असा ठेवला. चाळीसच भरले.

"आई, सापडला बरं का," मी म्हटलं. माझा आवाज इतका गोड झाला होता की बहिऱ्या माणसालाही संशय आला असता.

त्यांची बोटं निघाली. एक, दोन, तीन... त्या मण्यापाशी थांबली. अंगठ्याचं नख खाचेत गेलं.

"सापडला ना गो," त्या म्हणाल्या. बोटं पुढे फिरली, शेवटपर्यंत गेली. "चाळीस."



"बोचतो," त्या म्हणाल्या. "तिचा घासून घासून गुळगुळीत झाला होता. इतकी वर्षं घासला मी." आणि माझा हात चाचपडत शोधून, कानशीने सोललेल्या माझ्या बोटावर आपलं बोट ठेवून म्हणाल्या, "राहू दे. होईल हाही. तू नको रडू. मी तिला मारली होती, तुला कोण मारतंय?"

त्या दिवसापासून माळ पुन्हा त्यांच्या गळ्यात आली. दुपारी बोटाला खोबरेल तेल लावून त्या गॅलरीत बसायच्या आणि तो एक मणी अंगठ्याने चोळायच्या. मधूनच मला हाक मारायच्या, "ये गो, बघ, आज कमी बोचतो का?" मी हात पुसून जायची, बोट लावायची, म्हणायची, "नाय आई, आज कमी हाय." त्या हसायच्या. "नाही म्हणायचं, नाही."

प्रमाणपत्र मी त्याच आठवड्यात उतरवलं. त्या जागी काही लावलं नाही. नुसता खिळा राहिला.

पुढचा पाऊस सुरू व्हायच्या आत सासूबाई गेल्या. जेमतेम आठ महिने मिळाले त्यांना. तेवढ्यात एक पोवळं किती झिजणार? खाचेची वरची बाजू मऊ झाली होती. खालची तशीच राहिली.

ते काम माझ्याकडे आलं. दुपारचं जेवण झालं की तेलाचं बोट लावून बसते. वीसेक वर्षं होऊन गेली. मी काही सासूबाईंसारखी चिकाटीची नाही, मधेच डुलकी लागते, मधेच टीव्ही बघते. नातीला हे इथवर वाचून दाखवलं तेव्हा तिने आपली करंगळी खाचेत घालून पाहिली.

"आजी, खालून अजून बोचतंय," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "तेलाची वाटी आण."