फ्लेक्सवरचा पहिला नंबर

“मुकी हाय का काय गं ही नवी बाई?”

“मुकी कशाची! सांगलीच्या इंग्लिश शाळंत शिकल्याली हाय. आपल्यासंगं काय बोलंल?”

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी आणि त्यांची मदतनीस आत तांदूळ निवडत होत्या. मी बाहेर स्वयंपाकखोलीच्या भिंतीला टेकून उभी, कारण मोबाइलला रेंज फक्त तिथेच मिळायची. ऐकू न आल्यासारखं करून मी बक्षीस समारंभाच्या फ्लेक्सचा मजकूर इस्लामपूरच्या फ्लेक्सवाल्याला पाठवून दिला.

या दोनशिक्षकी शाळेत मी सहा महिन्यांसाठी प्रशिक्षणार्थी होते आणि तो उपक्रमांचा आठवडा होता. रोज काहीतरी करायचं आणि त्याचे फोटो संध्याकाळच्या आत वर पाठवायचे. सोमवारच्या रांगोळ्या वाऱ्यानं उडाल्या, त्या पुन्हा काढल्या. मंगळवारी हात धुण्याचं प्रात्यक्षिक होतं, तर टाकीत पाणीच नव्हतं. मावशींनी खिचडीच्या पाण्यातला एक तांब्या दिला. तेवढ्याच पाण्यात साबणाचा फेस करून पोरांनी तो एकमेकांच्या हातांवर वाटून घेतला आणि फोटोत खुशाल हसली. बुधवारपर्यंत मला मुलांपेक्षा त्यांचे फोटोच जास्त ओळखीचे वाटायला लागले होते.

बक्षीस समारंभ शनिवारी. फ्लेक्सवाल्याला मजकूर तीन दिवस आधी लागतो. म्हणून बुधवारीच मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, पाढ्यांना अध्यक्षांचा नातू टाका. दोन वर्षं तोच पहिला येतोय.” अध्यक्ष म्हणजे शाळा समितीचे, नातू चौथीत. पाढ्यांची स्पर्धा तर शुक्रवारी आहे, हे माझ्या ओठांपर्यंत आलं. पण दिवसभर उन्हात उभं राहिल्यावर एक वाक्य बोलणंसुद्धा काम वाटतं. मी मान हलवली, त्या मुलाला भिंतीशी उभं करून फोटो काढला आणि त्याच्याखाली ‘प्रथम क्रमांक’ असं टाइप केलं.

शुक्रवारी परीक्षक मीच. मराठीतले पाढे मला येत नाहीत. पन्नासच्या पुढे आकडाही थांबून आठवावा लागतो. म्हणून अंकलिपी मांडीवर उघडी ठेवून एकेका ओळीखाली बोट फिरवत ऐकत होते. अध्यक्षांचा नातू सत्तावीसच्या पाढ्यात अडकला, मागे गेला, पुन्हा तिथेच अडकला. त्यानंतर मावशींची नात उठली. तिसरीतली, अंगानं किडकिडीत. डोळे मिटून, मागेपुढे डोलत ती तीसपर्यंत गेली. माझं बोट तिच्या मागे राहिलं. कुणी शिकवले विचारलं, तर म्हणाली, “आजीसंगं तांदूळ निवडताना म्हंती मी.”

अध्यक्षांच्या नातवानं स्वतःच येऊन सांगितलं, “बाई, ती पयली. मी सत्ताविसात गंडलो.” आणि खेळायला पळाला.

फ्लेक्स तोवर फाटकावर लागला होता. मुख्याध्यापकांनी माझा गुणांचा कागद बराच वेळ हातात धरला. “आता छापून आलंय, मॅडम. हिला उत्तेजनार्थ देऊ. लहान आहे, पुढच्या वर्षी येईल की पहिली.” माणूस वाईट नव्हता. शर्यतीसाठी मैदानावर चुन्याची फक्की त्यांनी स्वतः मारली होती, ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला होता. त्यांनाही हा आठवडा एकदाचा संपायला हवा होता. मी गुणांचा कागद परत घेतला आणि फाइलीत लावला.

दुपारी ताटं घासून झाल्यावर मावशी नातीला हाताला धरून माझ्याकडे आल्या.

“आवं बाई, ही म्हंतीया पयला नंबर आला. खरं हाय व्हय?”

“उद्या कळेल,” मी म्हणाले.

मावशींनी नातीचा हात सोडला. “बघ. बाईबी व्हय म्हणंनात. फ्लेक्सावर त्येचा फोटू हाय, डोळं फुटल्यात का तुजं? खोटं बोलायचं कुणी शिकीवलं गं तुला?”

मुलगी आजीकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी मोबाइल काढला आणि उगाच दिवसाचे फोटो वर-खाली सरकवत राहिले.

शनिवारी सकाळी मुख्याध्यापकांचा आवाज पुरताच गेला. त्यांनी यादी आणि माइक माझ्या हातात दिला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “फक्त वाचा.” मंडपात पालक बसले होते, पुढच्या खुर्चीवर अध्यक्ष. मावशी मागे खांबाशी ओले हात पदराला पुसत उभ्या होत्या. त्यांची नात तिसरीच्या रांगेत खाली मान घालून बसली होती. धुतलेला गणवेश, घट्ट वेण्या. आजीनं खोटं ठरवलं तरी वेण्या मात्र घालून दिल्या होत्या.

रांगोळी वाचली. धावणं वाचलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग पाढे आले आणि मी थांबले. माइक किंचाळला. कुणीतरी मागून म्हणालं, “वाचा की बाई!” मुख्याध्यापक यादीकडे बोट दाखवत होते. मी यादी खाली ठेवली.

“फ्लेक्स चुकलाय,” मी म्हणाले. “मजकूर मीच पाठवला होता, स्पर्धेच्या आधी. पाढ्यांत पहिली आली ती तिसरीतली, आपल्या मावशींची नात. मावशी, तिनं तुम्हाला खोटं सांगितलं नव्हतं.”