शेवंताबाईंच्या धुऱ्यावरचं कुंपण

झाडं लावणाऱ्यांच्या हाती पहिली दोन-तीन वर्षं काहीच लागत नाही. किस्से मात्र भरपूर लागतात! नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही चौघं नागभीडच्या बाजूला जिवंत कुंपणं लावत होतो. आजही एकत्र बसलो की चहा येईपर्यंत तीन किस्से होऊन जातात, आणि प्रत्येक जण मध्येच "असं नाही, थांब, मी सांगतो!" करतो. आज बाकीचे नाहीत, तोवर मीच सांगून घेतो.

आधी काम काय होतं ते. आमच्याकडे उभ्या धानातच लाखोरीची डाळ पेरतात. धान कापलं की गावची ढोरं मोकळी सुटतात आणि लाखोरी त्यांच्या पोटात जाते. म्हणून लोक दरवर्षी जंगलातून काट्या तोडून आणायचे आणि सुकं कुंपण घालायचे. आमचं म्हणणं, बोर, करवंद, सागरगोटा, निरगुडी अशी इथलीच झाडं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दाट लावा; निरगुडीची तर नुसती फांदी खोचली तरी जगते. जंगलही वाचेल, पाखरांना घर मिळेल. ऐकून सगळे माना डोलवायचे, पण शेत कोणी देईना.

दिलं ते शेवंताबाईंनी. आमच्या चौघांतल्याच, रोपवाटिकेत कामाला होत्या. नवरा वारलेला, दीड एकर शेत. शेजारचं शेत त्यांच्या भासऱ्यांचं, म्हणजे थोरल्या दिरांचं, कवडूभाऊंचं. ते आम्हाला म्हणाले, "झुडपं लावून राह्यले! साप भरन तिथी, अन् माह्या धानावर सावली पडन. वाढू द्या, मंग पाहतो!"

बाई मला म्हणाल्या, "सर, लाखोरी गेली त वर्षभर डाळ नाई. अन् भासरे बोलाले मोकळे."

तेव्हापासून माझी झोप उडाली.

* * *

रोपवाटिकेला पोतंभर बोराच्या बिया हव्या होत्या. मी फर्मान काढलं, सगळ्यांनी बोरं खायची आणि बिया जमा करायच्या. आठ दिवस खाल्ली! आमचे जीप ड्रायव्हर रहमानभाई तर एका गालात बोरं भरूनच गाडी चालवायचे. सगळ्यांचे घसे बसले आणि पोत्याचा तळही झाकला नाही.

डोमाजीभाऊ आमच्यातले सगळ्यात वयस्क. आठ दिवस गप्प बसून पाहत होते. नवव्या दिवशी मला त्यांच्या घरी घेऊन गेले आणि बकऱ्यांच्या कोठ्यात उभं केलं. बकऱ्या दिवसभर बोरं खातात आणि बसून रवंथ करताना बिया थुंकून टाकतात. कोपऱ्यात स्वच्छ बियांचा हा एवढा ढीग!

"आधी काऊन नाही सांगितलं, भाऊ?"

"तुमी इतक्या आवडीनं खाऊन राह्यले होते जी!"

* * *

सागरगोट्याचं बी दगडासारखं टणक. ते उगवायला घासावं लागतं. हे शिकवायला नागपूरहून एक साहेब आले. फळा लावून तासभर बोलले. समोर बसलेल्या बाया पदरात तोंड लपवून हसत होत्या. आमच्याकडे प्रत्येक पोरगी लहानपणी सागरगोटा फरशीवर घासते आणि तापला की मैत्रिणीच्या हाताला चटका देते, हे साहेबांना कोण सांगणार?

शेवटी साहेब म्हणाले, "आता मुख्य प्रश्न. पुरेसं घासलं हे कसं ओळखायचं?"

शेवंताबाई उठल्या. बी पायरीवर खसाखसा घासलं आणि साहेबांच्या मनगटाला टेकवलं. साहेब फूटभर उडाले!

"असं," बाई म्हणाल्या आणि जाऊन बसल्या.

* * *

पहिल्या होळीला माझा जीव टांगणीला लागला होता. आमच्याकडे होळीसाठी पोरं लोकांची कुंपणं पळवतात, तो त्यांचा हक्कच! बाईंची रोपं वीत-दीड वीत वाढलेली, पुढे संरक्षणाला सुकं कुंपण. सकाळी जाऊन पाहतो तर सुक्या कुंपणाची एक काटी शिल्लक नाही. खाली वाकून रोपं मोजायला लागलो. एकूण एक जागेवर!

चावडीवर पोरांचा म्होरक्या सापडला. मी त्याचे आभारच मानायला लागलो, तसा तो वैतागला. "सर, ओलं कोन चोरते? धूर होते ना!"

डोमाजीभाऊंनी त्याच टोळीला जंगलात पिटाळून संध्याकाळपर्यंत नवीन काट्या आणवल्या.

* * *

तिसऱ्या वर्षी गावानं स्वच्छतेच्या स्पर्धेत नाव दिलं. बाईंचं शेत गावात शिरणाऱ्या रस्त्यालाच लागून. तपासणीच्या दिवशी सकाळी निरोप आला, "सरपंच कुंपण साफ करून राह्यले!" रहमानभाईंनी जीप अशी हाणली की डोमाजीभाऊंनी डोळे उघडलेच नाहीत.

पोचलो. एक फांदीही तोडलेली नव्हती. मात्र प्रत्येक बुंध्याला खालून चुना आणि वर गेरूचा पट्टा!

सरपंच म्हणाले, "सायेब येऊन राह्यले, सर. असं उघडं कसं ठेवाचं?"

मी धुऱ्यावर बसकण मारली. तेवढ्यात कुंपणातून एक मुंगूस निघालं. आमच्याकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडून गेलं. अर्धी पाठ पांढरीफट्ट!

रहमानभाई ओरडले, "सर, लिखो! हे तुमच्या पुस्तकात नसन!"

* * *

चौथ्या हिवाळ्यात कुंपण डोक्याच्या वर गेलं. आत लावे, बुलबुल, ससे. ढोरं सुटली, आणि बाईंच्या शेतात लाखोरी निळ्या फुलांवर उभी होती. पहिल्यांदाच मला वाटलं, जमलं बुवा.

एका सकाळी बाई धापा टाकत आल्या. "सर, भासरे कुऱ्हाड घेऊन गेले तिकडं!"

आम्ही चौघं धावलो. कवडूभाऊ कुंपणाशी उकिडवे बसलेले. समोर निरगुडीच्या तोडलेल्या फांद्यांचा ढीग. बाई डोक्यावर पदर ओढून कुंपणाला पाठ लावून उभ्या राहिल्या. आमच्याकडे भासरा आणि भावसून एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. मध्ये तिसरा माणूस लागतो. तो माणूस झाले डोमाजीभाऊ.

"कवडू, का करून राह्यला बा?"

कवडूभाऊ फांद्यांचे हातभर तुकडे करत होते. मान वर न करता म्हणाले, "तिकडं वाट नाई भेटत म्हणून साऱ्या गावचे ढोरं माह्या शेतात घुसून राह्यले! तिले विचार, हे किती हातावर गाडा लागते?"

डोमाजीभाऊंनी वळून पाहिलं. बाईंनी पदर आणखी पुढे ओढला.

"त्यायले सांगा, एक-एक हातावर. पर आता नाई, पानी पडल्यावर. तवरीक ढोरं हाकलाले मी येईन म्हना."