तिसरा सिलिंडर

कानवाले मिस्त्री म्हणून त्याला सारं शहर ओळखत असे. इंजिन चालू करायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत काय झिजलंय ते मिनिटभरात छातीठोकपणे सांगायचा. "यांना इंजिनाचं सगळं ऐकू येतं, माझंच तेवढं येत नाही," असं त्याची बायको पंचवीस वर्षं म्हणत आली होती आणि घरचे दरवेळी हसत. गेल्या वर्षी त्याचा उजवा कान गेला, डावाही जायला लागला, तेव्हा या जुन्या थट्टेचाच त्याला आडोसा मिळाला. कुणाला शंकासुद्धा आली नाही. खरं तर तेव्हाच सांगून मोकळं व्हायचं. पण कानावर नाव कमावलेला माणूस कान गेल्याचं कुठल्या तोंडाने सांगणार?

त्यातच नदीचं पाणी दवाखान्याच्या तळघरात शिरलं आणि तिथला डिझेल जनरेटर दीड दिवस बुडून राहिला. पाणी ओसरल्यावर मिस्त्रीला बोलावणं गेलं. बोलावणारा त्याचा जावईच. दवाखान्यातल्या पंपापासून दिव्यांपर्यंत सगळं तोच बघायचा.

मिस्त्रीने पिशवी खाली ठेवण्याआधी नेहमीचा प्रश्न विचारला. "पाणी शिरल्यावर कुणी बटण दाबलं होतं का?"

"छे हो, मामा."

"खरं सांगा, जावईबापू. सिलिंडरमध्ये पाणी असताना बटण दाबलं की पिस्टन पाण्यावर आपटतो आणि त्याचा दांडा वाकतो. वाकलेला दांडा चालतो चालतो आणि एक दिवस इंजिन फोडून बाहेर येतो."

"कुणी हातसुद्धा लावला नाही," जावई म्हणाला. त्याची मान खाली होती. दोन दिवस झोप नसेल, असं मिस्त्रीला वाटलं.

मग तो कामाला लागला. तेल सोडलं तर पाणी मिसळून पांढरट झालेलं. डिझेल आत फवारणारे इंजेक्टर काढून त्याने इंजिन हाताने फिरवलं, तशा चार भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. आतून डिझेलने धुतलं, तेल दोनदा बदललं, जनरेटरच्या तारांची वेटोळी मोठे दिवे लावून दोन दिवस सुकवली. पिशवीत एक पितळी सळई होती. इंजेक्टरच्या भोकातून ती आत सोडून चारही पिस्टन सारखे वर येतात का, हे तो मोजत असे. दांडा वाकला असेल तर पिस्टन जरासा खालीच राहतो. या वेळी मात्र सळई पिशवीतून निघाली नाही. घरच्याच माणसाने सांगितलंय, मग मोजायचं कशाला?

आणि घाईही होती. वरच्या मजल्यावर त्याची मुलगी होती. दिवस भरलेले आणि मूल पोटात आडवं. मोठ्या हॉस्पिटलकडे जाणारा रस्ता अजून पाण्याखाली होता, आणि वीज दिवसातून चारदा जात होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू झालं. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरची मूठ डाव्या कानाला लावली, डोळे मिटले. लांबून आल्यासारखी एकसारखी घरघर तेवढी ऐकू आली. दुसरं काहीच नाही, म्हणजे सगळं ठीकच, असं त्याने स्वतःला समजावलं.

"चार वाजता तुमच्या मुलीला ऑपरेशनला घेते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मध्येच वीज गेली तर?"

"बिनधास्त घ्या, बाई."

चार वाजून वीस मिनिटांनी वीज गेली. जनरेटरने भार उचलला. मिस्त्री तळघरातच होता. ऑपरेशनच्या दाराबाहेर बसवेना म्हणून बायको जिना उतरून त्याच्याजवळ आली आणि जिथल्या तिथे थांबली.

"अहो, हे टक टक काय वाजतंय?"

"कुठे काय?"

"हे काय! कुणीतरी आतून दार वाजवतंय जसं."

मिस्त्रीने तळहात इंजिनावर ठेवला. पहिला सिलिंडर, दुसरा. तिसऱ्याशी हाताला हिसके बसत होते.

जावई धावत आला. सासऱ्याचा चेहरा बघूनच तो रडकुंडीला आला. "एकदाच दाबलं होतं, मामा. ढक् झालं आणि थांबलं. तुम्ही बोलाल म्हणून..."

मिस्त्रीला त्याचा संताप आला आणि पिशवीतली सळई आठवून त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

"ऑपरेशनची खोली सोडून सगळं बंद करा. बाईंना सांगा, या इंजिनाचा भरवसा नाही. पळा!"

थोड्या वेळाने जिन्यावरून जावई काहीतरी ओरडला. मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं.

"अजून पंधरा मिनिटं लागतील म्हणतोय," ती म्हणाली. मग तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं. "एवढ्या मोठ्याने ओरडला तो. कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

"वर्ष झालं."

इंजिन बंद करावं तर वर पोटच्या पोरीवर अंधार, चालू ठेवावं तर हे कधी फुटेल त्याचा नेम नाही. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरचं टोक तिसऱ्या सिलिंडरजवळ टेकवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मूठ दुसऱ्याच्या कानाशी धरली.

"ऐक. आवाज वाढतोय का, तेवढं सांग मला. वाढला म्हणजे दांडा सुटत आला."

तिने त्याच्यासारखेच डोळे मिटले. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"वाढतोय," ती म्हणाली.