मल्हारी रंगाऱ्याचं बिनरंगाचं घर

खुलताबादच्या वेशीआतल्या एका जुन्या गल्लीतल्या घरांना बाहेरून कोणते रंग द्यायचे, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी संभाजीनगरहून रंगांच्या छटांचं हातभर लांब शेड-कार्ड घेऊन गेले. वास्तुविशारद असल्याचा ताठा होताच. तो पहिल्याच दिवशी मल्हारी रंगाऱ्यानं उतरवला.

मल्हारी साठीचा. बापानं जन्मभर मेंढरं वळली, ह्यानं कुंचा धरला. माझं कार्ड त्यानं उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. "म्याडम, घर काय कागदावर ऱ्हातं व्हय?"

त्याची रीत अशी, की भिंतीवर तीन रंगांचे वीतभर पट्टे ओढायचे आणि सरळ समोरच्या घरी जायचं. त्यांच्या ओट्यावर बसून चहा घ्यायचा आणि त्यांनाच विचारायचं, कोणता लावू? सकाळच्या उन्हात एकदा, कलत्या उन्हात एकदा. घरमालकाला विचारायचंच नाही.

"मालक आत बसतो. भिंत रोज कोन बघतं? समोरचा. भिंत आपली, रंग समोरच्याचा."

मला हा शुद्ध वेडेपणा वाटला. पण गल्लीला तो मान्य होता. गल्लीतल्या पारूबाईनं तिच्या समोरच्या घरासाठी असा काही निळा निवडला, की मी माझं कार्ड मुकाट्यानं पिशवीत टाकलं.

गाडी अडली ती शेवटच्या दोन घरांपाशी. एक पुंजारामचं, फिकुटलेलं पोपटी. त्याच्या बरोबर समोर खुद्द मल्हारीचं, गेली अकरा वर्षं नुसता गिलावा अंगावर घेऊन उभं. साऱ्या गावाला रंग लावणाऱ्याचं घर कोरडं!

"समोर इचारायला जायचं नाय, आन इचारल्याबिगर रंग लावायचा नाय," त्याची बायको बानाबाई म्हणाली. "आता मी मेल्यावर लावतेत वाटतं."

कारण ऐकून हसावं की रडावं ते कळेना. पुंजारामच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मल्हारीनं त्याची भिंत पोपटी रंगवली, आणि मल्हारीच्याच शेळीनं ओल्या भिंतीला अंग घासलं. भिंतीवर हातभर पांढरा डाग पडला आणि शेळी महिनाभर पोपटी हिंडली. पुंजाराम पाहुण्यांसमोर बोलून गेला, "तू आपली मेंढरंच वळ. कुंचा तुझ्या हातचा नाय!" तेव्हापासून दोघा जिवलगांचं बोलणं बंद. शेळी मरूनही जमाना झाला. डाग मात्र तसाच.

"दार उघडलं की समोर त्यो डाग," मल्हारी मला म्हणाला. "मला खिजवाया मुद्दाम ठिवलाय."

मी विचारून येते म्हटलं, तर म्हणे, "निरोपानं रंग ठरत नाय." मग माझंही डोकं फिरलं. शुक्रवारपर्यंत ठरलं नाही, तर दुसरा रंगारी आणून दोन्ही घरांना कार्डातला बिस्किटी फासते, असं मी ठणकावून सांगितलं. बिस्किटी म्हटल्यावर त्याचा चेहरा पार उतरला.

गुरुवारी सकाळी त्यानं आपल्या भिंतीवर तीन पट्टे ओढले. पिवळा, आकाशी, जास्वंदी. आणि आत जाऊन बसला. रस्ता होता दहा पावलांचा, पण पाय धजेना.

पुंजाराम आपल्या ओट्यावर पेपर वाचत होता. म्हणजे पेपर धरून भिंत बघत होता. जेवायला आत गेला, परत येऊन बसला. ऊन कलल्यावर काठी टेकत उठला आणि रस्ता ओलांडून आला. मी आणि बानाबाई जागच्या जागी उभ्या.

"मधला," भिंतीकडे बघतच तो म्हणाला. "बाकीचे दोन लई भडक हायेत."

मल्हारी उंबऱ्यात आला. "चहा घे."

"घेतो. आदी माझ्या भिंतीचा सांग. तुझ्याबिगर कुनाला इचारू?"

"पोपटीच लाव," मल्हारी खाली मान घालून म्हणाला. "पर त्यो डाग झाकू दे आता. अकरा वर्षं खिजवलंस."

पुंजाराम त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. "खिजवाया? अरं खुळ्या, बोलून गेलो आन तोंड दाखवाया जागा ऱ्हायली नाय मला. म्हटलं, डाग दिसला तर तू येशील झाकाया. दुसऱ्या कुन्या रंगाऱ्याला हात लावू दिला नाय मी."

मला रडू आवरेना. मल्हारी पोपटी कालवायला बसला. डबा बानाबाईनं धरला. चहा निवून गेला.

डागावर पहिला कुंचा फिरला, तेव्हा पुंजाराम इकडे मल्हारीच्या ओट्यावर बसून स्वतःच्या भिंतीकडे बघत होता. आणि बसल्या जागेवरून ओरडत होता, "अरं, डावीकडं ऱ्हायलं बघ!"