लाळेऱ्यावरचं रक्त

दीपाली कन्नाकेनं आयुष्यातला सगळ्यात गाजलेला पंचनामा एका खोट्या खुनाचा लिहिला. खून झाला होता मोबाइलवरच्या कॉमिकमध्ये, मेला होता चित्रातला एक म्हातारा, आणि वाचणारे होते तीन हजार. तिच्या खऱ्या पंचनाम्यांच्या नशिबी एवढे वाचक कधी आले नव्हते. वनरक्षकाच्या नोकरीला सात वर्षं झाली होती. तेवढ्यात तिनं वाघ-बिबट्यांनी मारलेल्या गायी-बकऱ्यांचे शे-दीडशे पंचनामे लिहिले असतील, माणसांचे तीन. ते सगळे ऑफिसात गेले, त्यांवर सह्या झाल्या आणि फायलीत पडले. दीपाली, चांगलं लिहिलंस, असं कुणी म्हटलं नाही.

वडशाहून तासाभराच्या वाटेवर कोसंबटोली नावाचं गाव आहे. तिथे ती शकुबाई आणि लटारूभाऊ या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी मागची खोली घेऊन राहायची. रोज दहा-बारा किलोमीटर जंगल पायी फिरायचं, पाणवठे बघायचे, ट्रॅप कॅमेऱ्यातली कार्डं बदलायची, आणि दुपारी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी डबा उघडायचा. टाकीपाशीच का, तर तिच्या बीटात, म्हणजे राखणीला दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, तिथेच काय ते नेटवर्क. कॉमिकचा नाद तिला ट्रेनिंगमधल्या मैत्रिणीनं लावला आणि ती स्वतः लग्न करून मोकळी झाली. नाद मात्र दीपालीकडेच राहिला.

'पिपासापूर' असं त्या हिंदी कॉमिकचं नाव. दर शुक्रवारी एक भाग. सगळं गाव व्हॅम्पायरचं, पण लोकांचा जीव जडला होता तो त्यातल्या दोन खलनायकांवर. इटू आणि पिटू, जुळी भावंडं. गाल फुगलेले, डोळे बटाट्याएवढे, गळ्यात लाळेरं. ते लाळेरं कायम रक्तानं भिजलेलं असायचं, आणि जेवण झालं की दोघं ते नीट घडी घालून ठेवायची. असली गोड आणि असली भयंकर पोरं कुणी पाहिली नव्हती. त्यांच्या नावाचा ग्रुपच होता, 'लाळेरं गँग'. पुढच्या भागात ती काय करतील, त्यांची आई कोण, ती कधीच का दिसत नाही, यावर तिथे मोठी माणसं शाळकरी पोरांसारखी भांडायची.

एक्केचाळिसाव्या भागात गल्लीत दिवे लावणारा म्हातारा मेलेला सापडला. शेजारी इटू-पिटू बसलेली, लाळेरी लाल. झालं, ग्रुप दुभंगला. कोरपन्याचा प्रफुल्ल म्हणून एक होता, सिमेंट कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला. त्यानं ठासून लिहिलं की खुनी हीच दोघं, चेहऱ्यावर जाऊ नका. दीपालीनं तोवर ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्या दुपारी डब्यातली भाकर तशीच ठेवून तिनं चित्र मोठं करून पाहिलं, आणि सवयीनं हात चालला तसा पंचनामाच लिहून काढला. मानेवर दोन खोल भोकं, त्यांच्यातलं अंतर जास्त, म्हणजे मोठ्या दातांची. जुळ्यांचे दात इवले. त्यांचे चावे दंडावर आहेत आणि त्या चाव्यांभोवती रक्त पसरलेलं नाही. जिवंत अंगाला दात लागला तर भोवती रक्त साकळतं, मेलेल्याला लागला तर जखम कोरडी राहते. सबब, जुळी पोचली तेव्हा म्हातारा मेलेला होता. खाली तिनं एक वाक्य लिहिलं, 'ही मारत नाहीत, आईनं वाढलेलं खातात.'

ग्रुप वेडा झाला. कुणी त्या वाक्याचं स्टिकर केलं. 'जंगलवाली' हे तिथलं तिचं नाव. त्यापुढे मानानं 'ताई' लागलं. दर शुक्रवारी लोक वाट बघत बसायचे की जंगलवालीताई पंचनामा कधी टाकतात. तिला ते आवडायचं, आणि त्यात लाजायचं काहीच नव्हतं. दिवसभर ज्या बाईशी झाडांखेरीज कुणी बोलत नाही, तिचं म्हणणं तीन हजार माणसं कान देऊन ऐकत होती.

पण प्रफुल्लला हरवायला ती एवढी जिद्दीनं का भांडते, हे ग्रुपला ठाऊक नव्हतं. तिच्या बीटात नालेवाली म्हणून एक वाघीण होती आणि तिचे दोन बछडे. पहिल्यांदा ते कॅमेऱ्यात आले तेव्हा तीन महिन्यांचे होते. एकानं कॅमेऱ्याला नाक लावलं होतं, दुसरा मागे शेपटीशी खेळत होता. दीपालीनं ते फोटो कुणाला पाठवले नाहीत, नियमच तसा आहे. मनातल्या मनात मात्र तिनं त्यांची नावं ठेवली, आणि ती नावं कुठली हे सांगायला नको.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी शकुबाई चुलीपुढे बसली होती. दीपालीच्या हातातल्या मोबाइलमध्ये वाकून तिनं पाहिलं.

"काऊन वो पोरी, एवढे गोड लेकरं अन् तोंडाले रक्त?"

दीपालीनं तिला सगळी गोष्ट सांगितली. शकुबाईला व्हॅम्पायर काही कळला नाही, पण लाळेऱ्याची घडी घालतात हे ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली. मग तिनं विचारलं, "अन् आपल्या नाल्यातले? थे दोघं बी मारत नाई का?"

"नाई वो बाई. थे बी माय वाढते थेच खातात. भ्यायचं तं मायले भ्यायचं. माय नसली तं लेकरं काई करत नाई."

हे तिनं त्या दिवशी सांगितलं तेव्हा ते खरं होतं. बछडे तेव्हा दहा महिन्यांचे होते. पण खरी गोष्टही शिळी होते, आणि जंगलातली फार लवकर. वर्ष उलटलं की बछडे स्वतः शिकार करून पाहायला लागतात, हे दीपालीला पाठ होतं. ट्रेनिंगच्या परीक्षेत तिनं ते लिहून मार्क मिळवले होते. तरी शकुबाईला दिलेला शब्द तिनं कधी बदलून दिला नाही. टाकीपाशी बसून ती दर शुक्रवारी तेच वाक्य नव्या नव्या पुराव्यानं सिद्ध करत राहिली. कॉमिकमधली पोरं वाढत नव्हती. नाल्यातली वाढत होती.

एप्रिलात मोह फुलला. पहाटेच गावच्या बाया टोपल्या घेऊन झाडांखाली फुलं वेचायला जाऊ लागल्या. एका गुरुवारी सकाळी साडेसातला त्या बायांमधली कमला धावत आली, तिला नीट बोलताही येत नव्हतं. शकुबाईला वाघानं नेलं होतं.

नाल्याच्या अलीकडे मोहाच्या चार झाडांखाली अर्धी भरलेली टोपली सरळ उभी होती. पलीकडे तीस पावलांवर शकुबाई पडली होती. माणसं जमली होती, आरडाओरडा करून त्यांनी झुडपाआडचं जनावर हाकललं होतं. तिचे वरिष्ठ, आरएफओ साहेब, तासाभरात आले. त्यांनी शकुबाईवर धोतर पांघरायला लावलं आणि दीपालीकडे बघून खालच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या घरच्या ना त्या? दुसऱ्याला लिहायला सांगू का?"

"नको साहेब. मीच लिहिते."

कमलाचं बयाण तिनं आधी घेतलं. कमला झाडाला पाठ लावून बसली होती.

"नाल्यात दोन बछडे दिसले. आमी म्हणलो, चाल वो बाई, चाल घरी. शकुबाई म्हणे, माय नाई इथी, लेकरंच हायत. दीपाली म्याडमनं सांगतलं, लेकरं काई करत नाई. एवढा ढीग उचलतो अन् येतो म्हणे. आमी पळालो."

दीपालीनं ते लिहिलं. बयाणात स्वतःचं नाव लिहिताना तिचा पेन एकदा थांबला, पण तिनं ते गाळलं नाही.

मग तिनं धोतर बाजूला केलं. सात वर्षांची सवय म्हणून डोळे आपोआप मानेकडे गेले. तिथे दोन भोकं असतील, त्यांच्यातलं अंतर मोठं असेल, अशी आशा तिला होती. अशा वेळी माणूस कसली आशा करील याचा नेम नाही. मानेवर, खांद्यावर, दंडावर मिळून अकरा ठिकाणी दात लागले होते. शिकाऊ जनावराचा दात एका जागी बसत नाही, ते पुन्हा पुन्हा धरतं. दातांमधलं अंतर तिनं पट्टीनं तीनदा मोजलं. मापं दोन निघाली, दोन्ही वाघिणीच्या दातांपेक्षा कमी. आणि अकराही जखमांभोवती रक्त साकळलं होतं. एकही कोरडी नव्हती.

मागे गर्दीत सगळे वाघिणीलाच शिव्या देत होते. बछडे दिसले होते तरी मारलं आईनंच, असं सगळे धरून चालले होते. दीपालीनं वाघीण लिहिलं असतं तर त्या क्षणी तिला कुणी अडवलं नसतं. नालेवालीला पिंजऱ्यात घातलं असतं, दोघं बछडे जंगलात राहिले असते आणि 'लेकरं मारत नाहीत' हे तिचं वाक्यही शाबूत राहिलं असतं. हे सगळं तिच्या डोक्यात येऊन गेलं. ती काही देवता नव्हती. पण आदल्या संध्याकाळी वाघीण आठ किलोमीटरवरच्या पाणवठ्यावर कॅमेऱ्यात आली होती, ते कार्ड दीपालीनंच काढलं होतं. आणि उद्या याच झाडांखाली कमला येणार होती.

"कोण? आई की बछडे?" साहेबांनी विचारलं.

"बछडे, साहेब. दोन्ही."

"खात्री?"

"रक्त सांगतं, साहेब."

जखमांवरच्या लाळेचे नमुने तपासणीला गेले, कागदावर पाच पंचांच्या सह्या-अंगठे झाले. बछड्यांना पकडायचा आदेश दुसऱ्या दिवशी दुपारी आला. एकदा पकडले की ते पुन्हा जंगलात येणार नव्हते. पिंजरे कुठे लावायचे, दोघं कुठल्या वाटेनं पाण्यावर येतात, हे सांगायलाही दीपालीच लागली. ती वाट तिच्याइतकी कुणाला ठाऊक होती?

पिंजरे लावून ती टाकीपाशी आली आणि मोबाइल वाजायला लागला. शुक्रवार होता, हे तिच्या ध्यानातही नव्हतं. कॉमिकच्या नव्या भागात आई दिसली होती. उंच, देखणी, मोठ्या दातांची. म्हाताऱ्याला तिनंच मारलं होतं आणि लेकरांना बोलावून वाढलं होतं. इटू-पिटू निर्दोष होती. ग्रुपवर फटाक्यांची चित्रं फुटत होती. जंगलवालीताई, तुम्ही म्हणाला होतात. ताई, पंचनामा असावा तर असा. प्रफुल्लनं दिलदारपणे लिहिलं होतं, 'मी हरलो. पोरं खरंच मारत नव्हती.'

दीपालीनं ते वाक्य दोनदा वाचलं. मग ती टाकीच्या भिंतीला डोकं टेकून रडली. कालपासून पहिल्यांदाच. रडून झाल्यावर तिनं लिहिलं, 'प्रफुल्लभाऊ, चित्रात मी बरोबर होते. माझ्या जंगलात तुम्ही बरोबर होतात. इथे लेकरांनी माणूस मारला. तो माणूस मला रोज चहा द्यायचा.' ते पाठवून ती ग्रुपमधून बाहेर पडली. लोकांनी नंतर काय लिहिलं, हे तिला कळलं नाही.

रविवारी सकाळी समाजमंदिरापुढे सभा भरली. साहेबांनी काय काळजी घ्यायची ते सांगितलं. एक बछडा आदल्या रात्री पिंजऱ्यात आला होता, दुसरा अजून मोकळाच होता. सगळ्यांचं बोलून झालं, आणि न सांगता दीपाली उठली. खाकी कपड्यातली बाई उठली की गाव गप्प होतं, तसं झालं.

"शकुबाईले मी सांगतलं होतं का बछडे मारत नाई म्हणून. दिवाळीत सांगतलं. थे मोठे झाले, पण मी पुन्हा काई सांगतलं नाई. माह्या शब्दावर बाई तिथी थांबली. आता सांगतो. बछडे दिसले का मागं फिरा. माय असो का नसो. टोपली टाका अन् फिरा."

साहेब खाली बघत होते. दीपाली पुढच्या रांगेतल्या लटारूभाऊंकडे बघत होती. तीन दिवस एकाच घरात राहून तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. ते शिव्या देतील, खोली खाली कर म्हणतील, याची तयारी तिनं केली होती. लटारूभाऊ काठीवर जोर देऊन उभे राहिले. सभेकडे न बघता ते तिच्याशीच बोलले, घरात बोलतात तशा आवाजात.

"बुधवारी सांजेले मले विचारलं तिनं. म्हणे, नाल्यात लेकरं हिंडून राह्यले म्हणतात, उद्या जाऊ का नको जाऊ? मी म्हणलो, दीपाली सांगते नं मारत नाई म्हणून. मंग जा." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "जा मी म्हणलो, पोरी. तू नाई म्हणली."

एवढं बोलून ते खाली बसले.

सभा संपल्यावर दोघं एकाच वाटेनं घरी आले. अंगणात शकुबाईनं बुधवारी वाळत घातलेली मोहफुलं चटईवर तशीच होती, ऊन लागून आक्रसलेली. लटारूभाऊ एका टोकाला बसले. दीपालीनं टोपी काढून खुंटीला अडकवली आणि ती दुसऱ्या टोकाला बसली. दोघं फुलं गोळा करू लागले.